खवट न होणारा कोंडा

सासूबाईंची धाकटी बहीण बाळकुमहून आमच्याकडे मानपाड्याला आली ती एक डबा घेऊनच. आत जांभळट पूड. काळ्या तांदळाचा कोंडा. डब्यावर अँटिऑक्सिडंट वगैरे छापलेलं, शेजारी एका तुकतुकीत बाईचा फोटो. रोज चमचाभर कोमट पाण्यातून घ्यायचा, की वय म्हणे जागच्या जागी थांबतं.

सासूबाईंनी ते मनावर घेतलं. माझी हरकत नव्हती. रंगीत तांदळाच्या कोंड्यात गुण असतो, हे मीही वाचलं होतं. पण पुढच्या आठवड्यात त्यांचा औषधांचा डबा भरायला घेतला, तर ब्लडप्रेशरच्या गोळ्या तशाच पडलेल्या.

"आई, या गोळ्या?"

"त्या कशाला आता? चेहरा बघ माझा."

चेहरा बघितला. नेहमीचाच होता. नवऱ्याने समजावून पाहिलं, तर आईने त्यालाच एक चमचा पाजला.

मी पूड हुंगली. कसलाच वास नाही. इथे मला शंका आली. आंबिवलीला माझा भाऊ गिरणीतून तांबडा भात सडून आणतो. त्याचा कोंडा आपल्याकडच्या उकाड्यात बघता बघता खवट होतो, कारण त्यात तेल असतं. ही पूड मात्र डब्यावर छापल्याप्रमाणे वर्षभर टिकणार होती.

भावाकडून ताजा कोंडा आणला. ओट्यावर दोन वाट्या उघड्या ठेवल्या, एकीत तो, दुसरीत ही पूड.

"प्रयोगशाळा काढलीस का गं?" सासूबाई येता-जाता विचारायच्या.

माहेरी म्हशींना कोंडा घालत त्या मोठ्या झालेल्या. माझं कुणी ऐकणार नव्हतं. भिस्त होती ती त्यांच्याच नाकावर.

भावाच्या कोंड्याला वास सुटला तेव्हा दोन्ही वाट्या त्यांच्यापुढे धरल्या. पहिली हुंगून त्यांनी तोंड वाकडं केलं. दुसरी हुंगली. परत हुंगली.

"याला म्हैस तोंड लावणार नाही."

"भाजून वास घालवला असेल. नाहीतर कोंडाच नसेल. मला माहीत नाही, आई. पण तुम्हाला तरी माहीत आहे का? आणि याच्या जिवावर गोळी बंद?"

त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली, गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायल्या. मी हलले नाही.

"घेतली गं! आता काय जीभ दाखवू?"

"दाखवा."

दाखवली. मी जिभेखालीही बघून घेतलं.