तळ्याच्या पाळीपर्यंत

पायवाट सुरू होते तिथं ती थांबायची, पदर कमरेला खोचायची आणि पाहुण्यांकडे तोंड करून म्हणायची, “भेव लागलं त सांगजा. लपवू नोका.”

पाहुणे हसायचे. वाघ बघायला एवढ्या लांब आलेली माणसं; भीती वाटते असं कोण कबूल करणार? ती मात्र प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे नीट बघून मगच पाऊल उचलायची.

साकोलीच्या पुढं, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावात मी तंबू लावून पाहुणे उतरवतो. ती माझ्याकडे आली ती स्वयंपाकाला. मासेमाराच्या घरची. तिचा नवरा जंगलाच्या कडेच्या तळ्यात जाळं टाकायचा. एका सकाळी तळ्याच्या पाळीवर, मातीच्या बांधावरच, अस्वलानं त्याला गाठलं. जीव वाचला, पण एक डोळा आणि अर्धा गाल गेला. तेव्हापासून तो दुपट्ट्यानं तोंड झाकून घरातच बसे. जंगलाच्या बाजूचं दारसुद्धा उघडू देत नसे.

वर्षभर भात रांधल्यावर एके दिवशी ती म्हणाली, “भाऊ, आता मले पाहुण्यायसंगं जाऊ द्या.”

“वहिनी, तुमच्या घरी एवढं झालं, तरी?”

“म्हणूनच त. आमच्या घरी जंगलाचं नाव निघत नाही. कोणी जंगलात गेलं अन् धडधाकट परत आलं, हे त्यायले रोज दिसलं पाहिजे.”

तिनं गाइडचं प्रशिक्षण घेतलं. गावात बायका कुजबुजल्या, “हिले काहून एवढी हौस?” नवऱ्यानं तर बोलणंच टाकलं. ती मागं हटली नाही. रोज घरी पोचली की दाराची कडी जोरजोरात वाजवायची आणि आख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडायची, “आली जी मी!” दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग एका सकाळी वळणावर अस्वल समोर आलं, सोबत पिल्लू. मागं चार पाहुणे. तिनं दोन्ही हात पसरले. “पळू नोका. माझ्याकडं पाहा अन् मांगं मांगं चला.” आवाज जराही कापला नाही, असं पाहुणे नंतर सांगत होते. सगळ्यांना तिनं सुखरूप आणलं, आणि तंबूजवळच्या हातपंपाशी येऊन भडाभडा ओकली.

मी म्हणालो, “उद्या राहू द्या. आणि घरी सांगू नका.”

तिनं चूळ भरली. “उद्या नाही गेली त मंग कधीच जाणं होणार नाही. अन् घरी लपवून काय करू?”

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. कितीतरी महिन्यांनी तो बोलला. “पिल्लू होतं काय संगं?”

“होतं.”

“तवाबी होतं.”

एवढंच. पण त्याला अस्वलानं गाठलं त्या सकाळबद्दल त्याच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द होता, असं तिनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

आता ती इथं नसते. पवनीकडच्या जंगलात नव्यानं गाइड झालेल्या बायकांना तयार करायला गेली आहे, नवऱ्यासकट. नवे पाहुणे वाघाच्या गोष्टी विचारतात. मी त्यांना वेगळीच गोष्ट सांगतो.

त्या अस्वलानंतर काही दिवसांनी ती सकाळी नवऱ्याला घेऊन आली. “भाऊ, आज हे पाहुणे.” मी दोघांच्या मागून चालत होतो. बांबूच्या रांजीपाशी, त्या दाट बेटापाशी, तो थांबला. बांबू धरून म्हणाला, “भेव लागते.”

“मलेबी लागते,” ती म्हणाली. हात धरला नाही, चला म्हणाली नाही. शेजारी नुसती उभी राहिली.

बराच वेळ गेला. मग त्यानं बांबू सोडला आणि स्वतःच पुढं निघाला.

तळ्याच्या पाळीवर ऊन आलं होतं. तो पाण्यापर्यंत उतरला, तोंडावरचा दुपट्टा सोडून दगडावर ठेवला आणि ओंजळी भरभरून चेहरा धुऊ लागला. मला वाटलं, ती त्याच्याकडे बघत असेल. पण ती तळ्याकडे पाठ करून, पाय रोवून, झाडीवर नजर ठेवून उभी होती.