दोन मिलिमीटरचा मंगळ

"पुढलें सांगूं नका," असं म्हणत मामा उजव्या हाताचा पंजा माझ्या तोंडासमोर धरत. मी निमूटपणे पुस्तक मिटायचो.

मी बदलीने चेन्नईला आलो तेव्हा मामा आमच्या वरच्या मजल्यावर राहत होते; नात्याने कुणी नव्हेत, सगळी इमारत त्यांना मामाच म्हणे. तंजावरकडचे मराठी, गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले टर्नर. उभं आयुष्य लेथवर, धातू फिरवून कातायच्या यंत्रावर, गेलेलं. घरी मराठी बोलत, पण शिकले तमिळमध्ये, त्यामुळे देवनागरी वाचता येत नसे. म्हणून माझ्याकडचं ग्रहगतीवरचं एक जुनं पुस्तक मी त्यांना रविवारी वाचून दाखवू लागलो. मामांनी अट घातली. ऐकलेलं प्रकरण पितळेत उभं राहिल्याशिवाय पुढचं ऐकायचं नाही. बाल्कनीत एक छोटा लेथ होताच.

पहिल्या प्रकरणात पृथ्वी मधोमध होती. मामांनी ती मांडली, भोवती गोल कडी बसवली आणि प्रत्येक कड्यावर आपला सतरा नंबर ठोकला. कारखान्यात स्वतः तपासून पास केलेल्या तुकड्यावरच ते हा नंबर ठोकत. वाटोळेपणात केसभर फरक दिसला की तुकडा भंगारात. यात दयामाया नाही.

मग मंगळाने त्रास द्यायला सुरुवात केली. तुम्ही कधी महिनोन्महिने त्याच्यावर नजर ठेवली असेल तर ठाऊक असेल, पुढे जाता जाता हा गडी मध्येच उलटा चालू लागतो. जुन्या ज्योतिर्विदांनी मोठ्या चाकावर छोटं चाक बसवून त्याची समजूत घातली. मामांनीही घातली. तरी चुकतो म्हणून आणखी एक. "कोंजम पोरुंगो, जरा थांबा, अजून एक चाक घालतों," असं करत बारा चाकं झाली आणि जेवणाचं टेबल गेलं. मामी जमिनीवर पानं वाढू लागल्या. आमच्याकडे मंगळाला टेबल आहे, माणसांना नाही, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

पुस्तकात सूर्य मधोमध आला त्या आठवड्यात मामांनी निम्मी चाकं आनंदाने उपसून टाकली. टेबल परत मिळालं म्हणून मामींनी पायसम केलं. मी मात्र वाटी तशीच बाजूला ठेवली, कारण मी शेवटचं प्रकरण आधीच वाचलं होतं. ग्रहाची वाट गोल नाही, लांबट आहे. जन्मभर लांबट तुकडे भंगारात फेकणाऱ्या माणसाला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? दोन रविवार मी डोकेदुखीचं निमित्त काढलं.

तिकडे मामांचा मंगळ आकाशातल्या मंगळापासून जरासा ढळतच होता. पितळी मंगळ दाखवेल त्या दिशेला ते रोज संध्याकाळी गच्चीवर दोरा ताणत, खरा मंगळ त्यावर येतो का ते पाहत, खाली येत आणि कडी पुन्हा मोजत. आपलाच हात आता बिघडला, अशी त्यांची खात्री झाली. जेवण कमी झालं. मग मला राहवेना. तिसऱ्या रविवारी सगळं एका दमात वाचून टाकलं.

मामांनी मंगळाचं कडं उचलून डोळ्यांसमोर धरलं. मग म्हणाले, "किती लांबट?"

आम्ही हिशेब केला. हातभर रुंदीच्या कड्यात लांबी-रुंदीचा फरक दोन मिलिमीटर.

मामांना हसू फुटलं ते थांबेचना. डोळे पुसत म्हणाले, "देवाच्या फॅक्टरींत चेकिंग नाहीं की हो. इतकें मी एक दिवस पास केलों नाहीं."

त्यांच्या लेथवर गोल सोडून काही निघत नसे. महिनाभर ते कानशीने कडं घासत बसले, तोंडाने गाणी चालू. एका संध्याकाळी आमच्या दारात येऊन एवढंच म्हणाले, "बसला." मी अनवाणीच गच्चीवर धावलो. मंगळ दोऱ्यावर बरोबर होता. मामांनी मला मिठी मारली आणि माझ्या शर्टाला पितळेचा कीस लागला. इतका आनंद मला माझ्या बढतीचाही झाला नव्हता.

गेल्या वर्षी मामा गेले. मामींनी ते कडं माझ्या हातात ठेवलं. मी पट्टी लावून पाहिली. दोन मिलिमीटर, कमी नाही, जास्त नाही. मग कडं उलटं केलं. खालच्या बाजूला सतरा नंबर ठोकलेला होता.