सहा आकड्यांचा अबोला

"काका, ह्या बाईले सांगा, ओटीपी द्या म्हना."

"भाऊ, ह्या पोरीले सांगा, माय हाय मी तिची. बाई नाही."

दोघी माझ्यासमोर एकाच बाकावर बसल्या होत्या, मध्ये तिसरा माणूस मावेल एवढी जागा सोडून. वाशीमच्या कडेला, नव्या लेआउटच्या वस्तीत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दुर्गाताई त्याच गल्लीत इडल्या विकतात. नवरा ट्रकवर, महिनोन्महिने बाहेर. लेक स्नेहल दहावी झालेली. तिला आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा फॉर्म भरायचा होता आणि तो शेवटचा दिवस होता.

ओटीपी म्हणजे मोबाइलवर येणारा सहा आकडी कोड. फॉर्मवर नंबर आईचा, म्हणून कोड आईकडे. दहा मिनिटांत तो मरतो. पहिले दोन अबोल्यातच वारले.

भांडणाचं मूळ पंखा. चार दिवस आधी स्नेहल घरचा पंखा खोलून बसलेली सापडली. आईला करंटची धास्ती. तेव्हापासून बोलणं बंद.

"ताई, पाच वाजता साइट बंद होते," मी वैतागून म्हणालो.

"करंट लागला म्हंजे? हिचा बाप बी इथं नाही."

"काका, विचारा तिले, दिवाळीत मिक्सर कोनं सुधरवला?"

मी विचारलं.

"दुकानवाल्यानं."

"त्याचं दुकान बंद होतं. मी सुधरवला."

मिक्सर बंद म्हणजे इडल्या बंद, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक. दुर्गाताईंनी पहिल्यांदा लेकीकडे मान वळवली.

"खोटं बोलली तू माह्याशी?"

आता फॉर्म बुडाला, असं मला वाटलं.

"तवापासून मिक्सरची घरघर बी कमी झाली," दुर्गाताई पुटपुटल्या.

मी गुपचूप तिसरा कोड मागवला. मोबाइल वाजला. सवयीनं मी हात पुढे केला, पण त्यांनी मोबाइल दिला नाही. मी कीबोर्ड स्नेहलकडे सरकवला.

"चार," आई म्हणाली. "सात. शून्य. हळू टाक, घाई काहून करून राह्यली?"

फॉर्म वेळेत गेला. आयटीआयला तिचा नंबरही लागला. तेव्हापासून पालकांचा ओटीपी मी वाचत नाही. तो घरच्यांनीच एकमेकांना वाचून दाखवायचा, असा माझा नियम आहे. गिऱ्हाइकं कुरकुरतात.

परवा माझ्या दुकानातला पंखा बंद पडला. स्नेहलला बोलावलं, तर मागोमाग दुर्गाताईही आल्या. पोरगी स्टुलावर चढली. आई बंद केलेल्या मेन स्विचपुढे पाठ लावून उभी राहिली आणि काम होईपर्यंत मलाही जवळ फिरकू दिलं नाही.