आकडा कमी ठेवणारे सातव हवालदार

माझ्या बाबांचा उजवा हात मोडला, त्या वर्षी आमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत मारामारीचे गुन्हे घटले होते. पेपरात तसं छापून आलं होतं. राज्यात गुन्हे वाढले, आमच्याकडे कमी झाले, म्हणून ठाण्याचं कौतुकही झालं. त्या वर्षी भाताची लावणी आईने एकटीने ओढली. बाबा बांधावर बसून डाव्या हाताने रोपांच्या मुठी तिच्याकडे फेकायचे. घरात खायला पुरेना तशी आई दुसऱ्यांच्या शेतावर जायला लागली आणि मला आश्रमशाळेत ठेवलं. मोडलेला हात वाकडाच जुळला.

तो मोडला असा. आमच्या पाड्यावरून धसईच्या बाजाराला जाणारी पायवाट एका फार्महाऊसवाल्याने तारेचं कुंपण घालून अडवली. बाबा भाजीची पाटी घेऊन नेहमीसारखे तारेखालून गेले. तिथल्या रखवालदाराने त्यांना लोखंडी पाइपने मारलं.

बाबा हात गळ्यात बांधून ठाण्यात गेले, आणि तिथे त्यांना सातव हवालदार भेटले. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात ठाणी बरीच आहेत. आमचं कोणतं ते लिहीत नाही, आणि नावही बदललंय. तक्रार लिहून घ्यायच्या टेबलावर हा माणूस वर्षानुवर्षं बसला. मूळचा घाटावरचा, पण बोलणं पार आमच्याकडचं झालेलं. त्यांनी कधी कुणावर आवाज चढवला नाही, कुणाला हाकललं नाही.

ते चहा पाजायचे.

"बस रे हिरू. चहा घे आधी. हात लय दुखतोय का? अरारा."

चहा झाला की साहेब यायचे असायचे. साहेब आले की ते कामात असायचे. मग सातव पंख्याखाली खुर्ची ओढून विचारायचे, तू तारेखालून गेलासच कशाला, आधी कोण बोललं, दारू प्यायला होतास का. असं करता करता दिवस कलायचा. कुठल्या पाड्याची शेवटची एसटी कधी सुटते, हे त्यांना पाठ होतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून ते काळजीने म्हणायचे, "ऊठ बाबा. गाडी लागलीय तुझी. चुकली तर बायको घाबरंल. उद्या ये, निवांत लिवू."

बाबा उठायचे. पुन्हा जायचे, पुन्हा चहा पिऊन यायचे. एक दिवस जायचे थांबले. वर घरी आईला सांगायचे, "माणूस चांगला हाय गो. आपल्यासंगं बसून चहा पितो." मला हे आठवलं की अजून अंगाची आग होते.

सातवांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "कागदावर आला तर गुन्हा. तवर नुसतं भांडण." हे ते हसून सांगायचे, एखाद्याने घरगुती औषध सांगावं तसं. वर्षाचे आकडे पेपरात आले की ते कात्रण टेबलामागच्या भिंतीला चिकटवायचे. मार खाल्लेला माणूस बाकावर बसून रक्त पुसायचा आणि समोर वाचायचा, की आपल्याकडे मारामाऱ्या कमी झाल्या. वाचता येत असलं तर.

मला वाचता येत होतं. मी बी.ए. झाले, आमच्या पाड्यावरून पहिली. यात लाजण्यासारखं काही नाही, म्हणून सरळ सांगते. निकाल लागला त्याच उन्हाळ्यात माझी काकी मोहाची फुलं वेचायला गेली आणि त्याच कुंपणाशी त्याच रखवालदाराने तिचं डोकं फोडलं. सरकारी दवाखान्यात टाके घालून घेऊन मी तिला ठाण्यात नेलं.

"हिरूची पोर का तू? बस. चहा घे."

"चहा नको. तक्रार लिहून घ्या. असा गुन्हा नोंदवणं तुमच्यावर बंधनकारक आहे."

ते कौतुकाने हसले. "शिकलीस गो. मंग पेपर पण वाचत असशील. आपल्या हद्दीचं नाव चांगलं हाय. म्हातारीच्या दोन टाक्यांपायी घालवतेस का?"

दिवस कलला. काकीला घेरी यायला लागली. सातवांनी घड्याळ पाहिलं आणि आम्हाला एसटीपर्यंत पोचवायला स्वतः उठले. काकीचा हात धरून त्यांनी तिला पायरी चढवली. त्या पायरीवर मला त्यांचं सगळं काम कळलं. आमची तक्रार ते नाकारत नव्हते, एसटीकडून नाकारून घेत होते.

दोन दिवसांनी काकी सावरली, तशी तिला घेऊन आम्ही पाड्यावरच्या सगळ्या बायका रानातून चालत गेलो. फडक्यात भाकरी बांधून घेतल्या होत्या. ठाण्याच्या ओसरीवर बसलो. चहा आला, प्यालो. साहेब यायचे होते, येऊ दिले. दिवस कलल्यावर सातव बाहेर आले.

"उठा बायांनो. गाडी लागलीय तुमची."

कुणी उठलं नाही. काकी म्हणाली, "आमी गाडीनं आलोच नाय, सायेब. चालत आलो, चालत जाऊ. तुमी लिवा सावकाश. आन् चाय सांगा अजून, साखर बेताची होती मगाशी."

बायका हसल्या. सातव घड्याळाकडे बघत उभे राहिले. त्यांच्याकडे पुढचं वाक्यच नव्हतं. इतक्या वर्षांत ते लागलंच नव्हतं. मग आत गेले आणि लिहायला बसले. मी बाबांच्या हाताचंही लिहा म्हटलं. "ते जुनं झालं," ते मान वर न करता म्हणाले. "त्याचं काय राहिलंय आता?"

त्यानंतर बाकीच्या पाड्यांवरचे लोकही चालत यायला लागले. नव्या वर्षाचे आकडे आले तेव्हा आमच्या हद्दीत गुन्हे वाढल्याचं छापून आलं. माणसं पूर्वीइतकाच मार खात होती, फक्त आता तो लिहिला जात होता. वरून विचारणा झाली, आणि सातवांना निवृत्तीच्या तोंडावर कसाऱ्याकडे हलवलं.

जाताना ते मला स्टँडवर भेटले. डोळे भरलेले होते. "मी कदी कुणाला वाईट बोललो का गो? सांग. एकाला तरी?"

"नाही," मी म्हटलं. खरंच होतं ते. त्यांची गाडी आली, ते चढले. मला वाईट वाटलं नाही.

रखवालदाराला अटक झाली. काकीचा खटला कोर्टात उभा राहिला. आमच्या पाड्यावरून नोंदला गेलेला तो पहिला गुन्हा.