उसण उतरवणारा पाय

आधीच सांगून ठेवते, मी विज्ञानाची शिक्षिका आहे. विरारच्या एका शाळेत आठवी-नववीला शिकवते. अंगात येणं, दृष्ट काढणं, लिंबू-मिरची... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. वर्गात कोणी असलं काही बोललं तर त्याची बिनपाण्याने हजामत ठरलेली. त्यामुळे हे इथे लिहावं की नाही यातच फार दिवस गेले. ओळखीच्या कोणी वाचलं तर हसतील. हसू देत.

गोष्ट १९९८ची. लग्न होऊन विरारमधल्या मनवेलपाड्याला आले त्याला दोन वर्षं झाली होती. तीन मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. पाण्याचा टँकर आला की अख्खी बिल्डिंग हंडे-बादल्या घेऊन जिन्यात. अशाच एका टँकरच्या दिवशी माझ्या सासूबाईंनी चारचौघींत जाहीर करून टाकलं — "आमची सून पायाळू आहे हो!"

झालं! माझ्या रविवारांची वाट लागली ती तेव्हापासून.

पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांकडून आलेलं माणूस. त्याने पाठीला डावा पाय लावला की उसण उतरते असं आपल्याकडे मानतात. आणि उसण कोणाला माहीत नाही? वाकून बादली उचलावी, पाठीत कळ यावी, आणि मग श्वास आत घेतला की सुरी खुपसल्यासारखं व्हावं. खोकायची चोरी, हसायची चोरी. टँकरचं पाणी जिन्याने चढवणारी बिल्डिंग ती, तिथे उसणीला काय तोटा!

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. तिथेही लहानपणापासून मला याच कामाला बोलावणी यायची. आभाळात वीज कडाडली की शेजारच्या बायका मला दंडाला धरून घरात ओढायच्या, पायाळूवर वीज पडते म्हणून. आई मात्र त्यावर कधी काही बोलायची नाही. मला वाटायचं, चला, घरात एक तरी शहाणं माणूस आहे.

तर दर रविवारी कोणीतरी आमच्या उंबऱ्यावर पालथं पडलेलं असायचं. मी मुकाट्याने कमरेपासून खांद्यापर्यंत तीन वेळा डावा पाय टेकवायचा, मध्ये बोलायचं नाही. पाय काढला रे काढला की माझं लेक्चर सुरू — "हे बघा, बरगड्यांच्या मधले स्नायू ताणले गेलेत. श्वास घेताना छाती फुगते, ते पुन्हा ताणले जातात, म्हणून दुखतं. गरम पाण्याची पिशवी लावा. खोकताना उशी छातीशी घट्ट धरा. घाबरून अर्धा श्वास घेऊ नका, सावकाश पुरता घ्या. दोन-तीन दिवसांत आपोआप जाईल." माणसं मान डोलवायची आणि जाताना म्हणायची, "काय म्हणा बाई, तुमच्या पायाला गुण आहे!" डोकंच फिरायचं माझं.

तळमजल्यावर जनाकाकू राहायच्या. मूळच्या नायगावकडच्या खाडीकाठच्या, भातशेती करणाऱ्या घरातल्या. त्यांची सून सुनंदा माझ्याच वयाची. त्या सगळ्या बिल्डिंगमध्ये मनातलं बोलावं अशी माझी ती एकटीच मैत्रीण. सुनंदाला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मुलगा झाला. जनाकाकूंनी तिला अगदी तळहाताच्या फोडासारखं जपलं. खाटेवरून पाय खाली टेकू द्यायच्या नाहीत.

बाळंतपणाचा अठरावा दिवस, रविवार, सकाळचे दहा. मी तपासायच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन बसले होते. जनाकाकू धापा टाकत दारात.

"बाई, चला लवकर. सुनंदाच्या पाठीत उसन भरलीय. दम घेववत नाय तिला. रात्रीपासून पानी पन गेलं नाय पोटात."

"काकू, डॉक्टरला दाखवा ना! बाळंतीण आहे ती."

"म्हनून तर! सव्वा महिना झाल्याबिगर तिला बाहेर कशी काढू? वारा लागला तर? तुम्ही एकदा पाय लावा, मग बघू."

मी कुरकुरत उतरले. खरं सांगते, माझं अर्धं लक्ष त्या गठ्ठ्यातच होतं.

खोलीत खिडक्या बंद, खाटेखाली शेगडी, ओव्याच्या धुरीने डोळे झोंबत होते. खिडकीजवळ पाळण्यात बाळ दुपट्यात गुंडाळून झोपलेलं. सुनंदा गोधडी ओढून उजव्या कुशीवर पडली होती. चेहरा पांढराफटक. मी तिच्या पाठीवर बोटांनी दाबून बघितलं. उसण भरलेलं माणूस दाबलं की ओरडतं. ही ओरडली नाही.

"दाबल्यावर... नाही... दुखत," ती म्हणाली. तीन शब्दांना तीन श्वास. "श्वास... घेतला... की..."

तिथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. नाही पेटली! दर रविवारी उसण बघून मीही सरावले होते. बाळंतीण म्हणून तिला उंबऱ्यावर घेतलं नाही. मी खाटेला लागून पाटावर उभी राहिले, एक हात भिंतीला टेकवला आणि डावा पाय तिच्या पाठीवर ठेवला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा पाय तिच्या खांद्यापाशी पोचला, आणि...

आणि कोणीतरी माझ्या पायाचा अंगठा धरला.

मुंगी नाही, मुंग्या येणंही नाही. धरला. तान्ह्या बाळाच्या तळहातावर आपण बोट ठेवलं की ते कसं मूठ मिटून घट्ट धरतं? अगदी तसं. पाच इवली बोटं मला वेगवेगळी मोजता आली असती. मी खाली बघितलं. माझा अंगठा, त्याखाली सुनंदाची पाठ. दुसरं काही नाही! पाळण्याकडे बघितलं. बाळ शांत झोपलेलं, हात दुपट्याच्या आत.

मी पाय मागे घ्यायला गेले. येईना. देवाशपथ सांगते (आणि मी कधी देवाशपथ म्हणत नाही), तो पाय मी हलवत नव्हते. तो ओढला जात होता. पाठीवरून कमरेवर, कमरेवरून गोधडीवर, मांडीवरून खाली... आणि तिच्या डाव्या पोटरीवर येऊन थांबला. नुसता टेकला, तशी सुनंदा किंचाळली.

"बाई, तिथं कशाला पाय लावता? दुखनं पाठीत हाय!" जनाकाकू ओरडल्या.

अंगठ्यावरची पकड एकदम सुटली, मी पाटावरून कोसळता कोसळता राहिले. तशीच गोधडी फेकली. तिची डावी पोटरी उजवीच्या दुप्पट झाली होती. लाल, चकचकीत, हात लावला तर कढत.

"सुनंदा, हे कधीपासून?"

"चार दिवस... पाय जड वाटत होता... म्हटलं बाळंतपणाचंच... असेल."

गोधडीखाली कोणी बघितलंच नव्हतं. मला कसलं वैद्यकीय ज्ञान असणार? पण हे उसणीचं दुखणं नाही एवढं मला त्या क्षणी लख्ख कळलं. जनाकाकू पुन्हा वाऱ्याचं, सव्वा महिन्याचं काढायला लागल्या. मी त्यांच्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान, तरी त्यांच्या अंगावर अशी ओरडले की वरचे मजले गोळा झाले. "सव्वा महिना गेला खड्ड्यात! सून हवीय की नकोय?"

चौघांनी तिला खुर्चीत बसवून रिक्षापर्यंत नेलं. जवळच्या डॉक्टरांनी पोटरी बघितली, नाडी बघितली, आणि खुर्चीवर न बसताच अँब्युलन्ससाठी फोन उचलला. मुंबईच्या हॉस्पिटलात कळलं ते असं — पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. दिवसेंदिवस खाटेवर पडून राहिल्यानेही असं होऊ शकतं म्हणे. तिचा एक तुकडा सुटून फुप्फुसात अडकला होता. श्वास घेताना पाठीत जी कळ येत होती ती स्नायूची नव्हतीच. गुठळीचा दुसरा तुकडा सुटता, तर सुनंदा संपलीच होती.

"पोटरी बघायचं कोणाच्या लक्षात आलं?" तिथल्या डॉक्टरांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

बाराव्या दिवशी सुनंदा घरी आली. जनाकाकू माझ्या पाया पडायला लागल्या, मी पाय मागे घेतले. खरं म्हणजे त्या डाव्या पायाची मलाच भीती बसली होती. आंघोळ करतानाही अंगठ्याकडे बघवायचं नाही.

मी स्वतःला खूप समजावलं. तिचा तुटलेला श्वास मी ऐकला होता, दाबून दुखत नाही हे बघितलं होतं. मनाने आतल्या आत काहीतरी हेरलं असेल आणि पाय त्याने हलवला असेल. वर्गात मी हेच सांगितलं असतं. पण पोटरी? ती गोधडीखाली होती हो! आणि ती बोटं?

मे महिन्याच्या सुट्टीत माहेरी गेले. आई ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. अंगठ्याचं सांगितलं आणि तिचे हात थांबले.

"कोणता पाय?" तिने विचारलं.

"डावा."

तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "तू पायाळू नाहीस गं."

मला वाटलं, थट्टा करतेय.

"जुळ्या झालात तुम्ही. पहिली आली ती पायाळू. सुईणीने तेव्हाच दाराबाहेर ओरडून सांगितलं, मुलगी झाली, पायाळू आहे! गावभर झालं. मागून तू आलीस, सरळ, डोक्याकडून. पहिलीला श्वासच पुरत नव्हता. दिवस मावळायच्या आत गेली. तुझे वडील म्हणाले, आता हिच्यापाशी तिचा विषय काढायचा नाही. आणि लोक तर पायाळू मुलगी बघायला यायला लागले होते... त्यांनी तुलाच पायाळू धरलं. मी गप्प बसले."

आईचं अजून संपलं नव्हतं.

"दोघींना एकाच गोधडीत उलटसुलट निजवलं होतं. ती गेली तेव्हा तुझ्या डाव्या पायाचा अंगठा तिच्या मुठीत होता. सुईणीने एकेक बोट उघडून सोडवला."

हे आईने मला त्याआधी कधीही सांगितलं नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांतली एकटी आईच तेव्हा उरली होती.

सुनंदाचा मुलगा पुढे माझ्याच शाळेत शिकला. उसणीचं कोणी आलं तर आता मी पाय लावायच्या आधी पोटऱ्या बघते. धाप लागलीय का, ताप आहे का, दाबल्यावर दुखतंय का, विचारते आणि जरा शंका आली की सरळ डॉक्टरकडे पिटाळते. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. पुस्तकांत शोधलं, दोन डॉक्टरांना विचारलं, एक हसले, दुसऱ्यांनी विषय बदलला. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर सांगा, मला अजूनही हवंय.

त्या दिवशी ओसरीवर मी आईला एकच विचारू शकले — तिचं नाव काय होतं?

आई सुपातल्या तांदळाकडे बघत म्हणाली, "नाव ठेवायला वेळ कुठे दिला तिने."