विहीणबाईंना सांगायचं राहिलेलं वाक्य

माझ्या विहीणबाईंना स्पॅनिश येतं आणि मला येत नाही, हे कबूल करायला मला आठ महिने आणि एक लग्न लागलं.

आमची एकुलती एक रेवती नोकरीला स्पेनमध्ये गेली आणि तिकडचाच मुलगा पसंत करून बसली. लग्न मात्र मलकापुरात ठरलं. आपल्याकडून कोणीतरी बोलणारं हवं, म्हणून मी (निवृत्त गणित शिक्षक, रिकामा) मोबाइलवर स्पॅनिश शिकायला घेतलं. 'असं व्हावं, तसं करावं' या रूपांपर्यंत ठीक चाललं होतं. तिथे शेवटचा स्वरच बदलतो. शेवटी 'आर' असलेल्या क्रियापदांकडे 'ए' येतो, 'एर'वाल्यांकडे 'आ' जातो. सरळ साटंलोटं! मी ते पाढ्यांसारखं पाठ केलं, रोज सकाळी गच्चीवर, मोठ्यानं.

"हे काय जपून राह्यले सकाळी सकाळी?" मंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, खालून विचारायची.

तिचं एकच मागणं होतं. "इहीनबाईले एवढंच सांगजा, माह्या पोरीले जपा."

"रेवतीच सांगन ना."

"तिच्यासाठी तिच्याच तोंडून कसं म्हनू? तुमी सांगा."

"मी आहो ना," मी म्हणालो. (हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा वापरलं आहे.)

लग्नाच्या चार दिवसांत सवड मिळाली नाही. खरं सांगायचं तर वाक्य आणखी घोटून घ्यावं असं मला वाटत होतं. शेवटी स्टेशन आलं. गाडी दोन मिनिटं थांबते. सामान चढलं, रेवती रडत आत गेली, विहीणबाई पिलार दारात उभ्या राहिल्या. मंदानं खालून त्यांचा हात धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

"सांगा आता."

मी घसा साफ केला. सातचा पाढा पाठ असलेल्याला 'सात आठे किती' विचारा, तो 'सात एके सात' पासूनच निघतो. मीही निघालो. "कुइदे, कुइदेस, कुइदे, कुइदेमोस..." पिलारबाईंनी मान झुकवली. माझ्या मेव्हण्यानं मागच्यांना दटावलं, "चपला काढा बे, मंतर चालू हाय." कोणीतरी पर्समधल्या उरलेल्या अक्षता काढून टाकल्या! मी थांबायला हवं होतं. पण तीस वर्षांत मी एकाही पोराला पाढा अर्ध्यावर सोडू दिला नव्हता. 'आर' संपलं आणि त्याच ओघात मी 'एर'मध्ये शिरलो. "कोमा, कोमास, कोमा..."

कोमा म्हणजे जेवा. पिलारबाई आज्ञाधारक निघाल्या. त्यांनी मंदाच्या हातातून हात सोडवला, शिदोरीचा डबा उघडला आणि बुंदीचा लाडू खाल्ला. तेवढ्यात गाडी हलली.

ऑटोत मंदा म्हणाली, "सांगतलं का?"

"त्यातच होतं ते."

"कशात?"

लागणारं रूप, 'कुइदे' म्हणजे 'जपा', अगदी पहिलंच होतं. ते म्हणून पुढे 'रेवतीला' एवढं जोडलं असतं तरी भागलं असतं.

"मीच बोलली असती आपल्या भाषेत," ती पदराला डोळे पुसत म्हणाली, "तं तोंड पाहूनच समजली असती ते." मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं. एका आईनं आयुष्यात एकदाच मागितलेलं काम, आणि ते मी माझ्या हुशारीत घालवलं.

परवा रेवतीचा फोन आला. मंदा देवळात गेली होती. "बाबा, सासूबाई विचारून राह्यल्या, स्टेशनवर आईले काय सांगायचं होतं? लवकर सांगा, मी त्याईले आत्ताच सांगतो. जेवायची सुट्टी हाय, दहा मिनटं."

देवानं दुसरी संधी दिली होती, तीही मराठीत! मी ठरवलं, या वेळी घोळ घालायचा नाही, नीट समजावून सांगायचं. म्हटलं, "त्याचं असं आहे बेटा, तू झाली तवा आपन नांदुऱ्याले राहत होतो..."

तिची सुट्टी संपली तेव्हा मी तिच्या बालवाडीपर्यंत पोचलो होतो.