चार पदरी कोशातलं ग्रहण

हिवाळ्यातली दुपार, अंगणात आभाळाकडे तोंड करून उभे असलेले बाबा आणि त्यांनी दोन्ही हातांनी डोळ्यांपुढे ताणून धरलेलं कोशाचं उपरणं — चार पदरी, मधाच्या रंगाचं, त्यांच्याच मागावर विणलेलं... ऊन होतं आणि नव्हतंही. कडुनिंबाखाली जमिनीवर नेहमीच्या गोल कवडशांऐवजी उन्हाच्या इवल्या इवल्या कोरी सांडल्या होत्या. कोंबड्या भरदुपारी खुराड्याकडे निघाल्या होत्या. एवढी वर्षं झाली, तरी डोळे मिटले की ते अंगण तसंच्या तसं उभं राहतं.

भंडाऱ्यातली आमची गल्ली विणकरांची. पहाटेपासून मागांची खटखट, रेशमाचे कोश उकळताना येणारा तो उग्र, घशाशी बसणारा वास, ओल्या धाग्यांचा थंड स्पर्श आणि हिवाळा आला की घरोघरच्या चुलींवर शिजणारी लाखोळीची डाळ — माझं बालपण या सगळ्यांत भिजलेलं आहे. बाबा कोसा विणायचे. कोसा म्हणजे रानरेशमाचं, सोवळ्याचं वस्त्र. देवपूजेला नेसायचं, त्याला विटाळ लागत नाही, हे आमच्या गल्लीत कुणाला शिकवावं लागत नसे. आईच्या दुधाबरोबरच ते पोटात जाई.

कारध्याचे सदूकाका वैनगंगेत जाळं टाकायचे आणि सकाळी पूल ओलांडून आमच्या गल्लीत मासोळ्या विकायला यायचे. टोपली रिकामी झाली की आमच्या ओट्यावर बैठक. इकडे बाबांचा धोटा सुरू, तिकडे काकांची बिडी आणि दोघांच्या मधे एखादा वाद. त्या हिवाळ्यात वाद लागला तो येऊ घातलेल्या सूर्यग्रहणावरून.

"राहू गिळते गा धनराज, अजून काय!" काका म्हणायचे. "त्या दिवशी मासोळी तळ सोडत नाही. मासोळीले समजते, तुले नाही समजत."

"राहू-बिहू काही नाही, सदूभाऊ. काळा ग्रह आहे एक. टीव्हीवर सांगून राहिले ना."

टीव्हीवर कुठल्याशा वाहिनीवर एक माणूस रोज संध्याकाळी ओरडून सांगायचा, की सूर्यामागे एक काळा ग्रह दडलेला आहे, तोच पुढे येतो आणि शास्त्रज्ञ ही गोष्ट जगापासून लपवतात. बाबांचा तसा कुणावरच विश्वास नसे — पुढाऱ्यांवर नाही, पंचांगावर नाही. बसला तो नेमका या ओरडणाऱ्यावर!

मी तेव्हा सहावीत. गुरुजींनी बल्बसमोर संत्रं आणि बोर धरून ग्रहण शिकवलं होतं, त्यामुळे माझ्या अंगात शहाणपण मावत नव्हतं. "बाबा, चंद्रच असते. तो मधात येते," मी म्हटलं.

"अवसेले चंद्र दिसते का तुले?"

"नाही."

"मंग जो दिसतच नाही, तो सूर्य झाकीन कसा?"

सदूकाकांनी मांडीवर थाप मारली. खरं माहीत असणं वेगळं आणि ते मोठ्यांच्या हशापुढे टिकवणं वेगळं, हे मी त्या दिवशी रडत रडत शिकले.

"मीच पायतो अन् सांगतो," बाबांनी निकाल लावला. "काळा असन तर काळाच दिसन."

"काहून नसती भानगड करून राहिले?" आई म्हणाली. "गिरानात वर पाहू नये."

"कोशातून पायतो ना वो. कोशाले कधी विटाळ लागला का?"

झालं. या बोलण्यापुढे आमच्या गल्लीत कोण काय बोलणार?

ग्रहणाच्या दिवशी मागावर धोतर पांघरलेलं होतं, पाण्याच्या माठांवर तुळशीची पानं होती. सदूकाका ओट्यावर भिंतीकडे तोंड करून, डोक्यावर दुपट्टा घेऊन बसले. राहूच्या भीतीनं त्यांनी मान म्हणून वर केली नाही. आणि बाबा पाहत राहिले... पाहतच राहिले. "काळाच आहे गा!" ते लहान मुलासारखे ओरडले. "पाय म्हणतो ना!" मग गल्लीतून 'दे दान, सुटे गिरान' अशी हाळी आली, आंघोळी झाल्या, चूल पेटली. कुणाचं काही दुखत नव्हतं. सूर्याचा तो जाळ डोळ्याला दुखतच नाही, हीच त्याची लबाडी.

संध्याकाळी बाबा मागावर बसले. एक धागा तुटला. ते वाकले, चाचपडले, पुन्हा वाकले.

"दिवा लाव वो."

"लागलाच तर आहे," आई म्हणाली.

माग त्या दिवसापासून बाबांच्या हातून सुटला.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा पडदा मधोमध भाजला आहे. कडेचं दिसेल, समोरचं नाही. विणकराला कडेचं घेऊन काय करायचं होतं? काही वर्षं आईनं माग ओढला, मग मागाखालचा खड्डा मातीनं बुजवला. बाबा बोटांच्या अंदाजानं शेजाऱ्यांच्या धाग्याच्या कांड्या भरून देऊ लागले. गल्ली म्हणाली, राहूनं डोळे नेले. सदूकाका मात्र तसं कधी म्हणाले नाहीत. ते यायचे, बसायचे, पण वाद म्हणून घालत नसत, आणि ती शांतता मला त्यांच्या थट्टेपेक्षा जास्त टोचायची.

मला अजून राग येतो. खोट्या राहूला भ्यालेल्या माणसाचे डोळे शाबूत राहिले, आणि माझ्या खऱ्या चंद्रानं कुणाला वाचवलं नाही. गुरुजींनी ग्रहण का लागतं ते शिकवलं. वर पाहू नये, एवढं सांगायचं राहून गेलं. बाबांना हवं होतं ते सगळं ग्रहण तर त्यांच्या पायाशी, निंबाच्या सावलीतल्या त्या कोरींत पडलेलं होतं...

आता माझं घर भंडाऱ्याजवळच्या शहापूरला आहे. सदूकाका राहिले नाहीत. बाबांना एखाद्याला पाहायचं असलं, की ते मान वळवून त्याच्या बाजूला पाहतात, कारण नजरेच्या कडेलाच काय ते उरलं आहे. मला पाहायला आलेल्या पाहुण्यांना वाटलं होतं, मुलीचा बाप रुसून भिंतीकडे बघतोय.

परवा लेकीला घेऊन माहेरी गेले. शाळेतून ती नुकतंच काहीतरी शिकून आली होती. बाबांसमोर मांडी घालून तिनं विचारलं, "आबा, गिरान कायनं लागते?"

मी हातातलं काम ठेवून बाबांकडे पाहिलं.

"चंद्रानं लागते, बेटा," बाबा हळू आवाजात म्हणाले. "तुही आई सांगत होती." आणि तिला नीट पाहता यावं म्हणून त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

पोर हिरमुसली. आबा आपल्याकडे बघत नाहीत असं वाटून ती उठली, आणि ते जिथे पाहत होते तिथे, बरोबर त्यांच्या नजरेसमोर, भिंतीला पाठ लावून हसत उभी राहिली.

बाबांचा हात हवेत चाचपडला.

"अवो," त्यांनी मला विचारलं, "पोरगी कुठं गेली?"